सतरा आठे एकशे छत्तीस

२००७च्या ऑक्टोबरात, एका शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास, तोक्योच्या कोतो भागातल्या एका सार्वजनिक सभागृहात, साठेक माणसांसमोर, सतरा आठे किती ते मी बोटांवर मोजून सांगितलं. उत्तर बरोबर होतं. लोक हसले.

मराठी माणसं आधी हसली. जपानी पालक नंतर हसले, बाकीचे हसतायत म्हणून. माझी मुलगी सुजाता तिसऱ्या रांगेत बसली होती. ती तेव्हा दुसरीत होती. ती हसली नाही.

लग्नाआधी चार वर्षं मी सोलापूरच्या एका दैनिकात डेस्कवर होते. काय झालं, कुठं, केव्हा, कुणादेखत, एवढं आधी लिहायचं. कुणाला काय वाटलं ते शेवटी, जागा उरली तर. इथंही तसंच लिहिते. वाटण्याबद्दलचा एक शब्द मात्र आत्ताच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा लिहावा लागणार नाही. लाज. त्या दुपारी वाटली ती एक. त्यानंतर मी जे केलं त्याची दुसरी. पहिली हळूहळू गेली. दुसरी आहे.

त्या वर्षी जपानमध्ये भारतीय गणिताचं वेड आलं होतं. आम्ही कावासाकीत राहायचो. तिथल्या स्टेशनातल्या पुस्तकाच्या दुकानात या विषयाचं वेगळं कपाट होतं. टीव्हीवर सांगत की भारतातल्या मुलांना एकोणीसपर्यंतचे पाढे तोंडपाठ असतात. इथल्या शाळेत नऊपर्यंतच शिकवतात, त्याला कुकू म्हणतात. माझा नवरा सॉफ्टवेअर इंजिनिअर. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातले लोक त्याला विचारायचे, "अठरा गुणिले सोळा?" आणि घड्याळाकडे बघायचे. दोन दिवस त्यानं हसून टाळलं. तिसऱ्या दिवशी स्टेशनातून तेच पुस्तक विकत आणलं. इथले दुकानदार पुस्तकाला कागदी वेष्टन घालून देतात, त्यामुळे गाडीत उभ्यानं तो काय पाठ करतोय ते कुणाला दिसलं नाही.

मी त्याला हसले होते. हेही नोंदवते.

शनिवारचा कार्यक्रम आमच्या मराठी मंडळाचा होता. कोतोमधल्या जपानी पालकांसाठी 'भारतीय गणिताची ओळख'. सगळं सुमेधावहिनी बघायच्या. त्यांचे यजमान मुंबईच्या एका बँकेच्या तोक्यो शाखेत मोठ्या जागेवर होते. तीन वर्षांसाठी आलेले, पाचवं वर्ष चालू होतं. मंडळाचा गणपती त्यांच्याकडे बसायचा. वहिनींचा आवाज चांगला होता, माइक नसला तरी चालायचा.

मंडळात पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "माहेर कुठलं गं तुझं?"

"सोलापूरजवळ."

"वडील काय करतात?"

"शाळेत होते."

"अरे वा, शिक्षक! तरीच मराठी इतकं छान."

मी ते दुरुस्त केलं नाही. वडील शाळेत शिपाई होते. घंटा वाजवायचे, पाणी भरायचे, गुरुजींचा चहा आणायचे. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, अर्धं होतं. अर्ध्या बातमीला काय म्हणतात ते मला डेस्कवर शिकवलेलं होतं.

पुढं एकदा वहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला घरी आल्या. कपाटावर बुद्धाची लहान मूर्ती होती. त्या म्हणाल्या, "अय्या, गोड आहे. कामाकुराहून घेतलीस?"

"नाही. सोलापूरहून आणली. सासूबाईंनी दिली."

त्या "हो का" म्हणाल्या. मूर्तीकडे पुन्हा एकदा बघितलं. चहा अर्धा ठेवला. त्या वर्षी गणपतीत माझ्याकडे मोदक आले नाहीत. वहिनी फोनवर म्हणाल्या, "तू कागदी ताटं नि पेले बघ हं. स्वयंपाकाचं आम्ही बघतो." त्याआधीच्या वर्षी मी एकवीस मोदक केले होते. त्यानंतर तीन वर्षं कागदी ताटं.

मी ती ताटं नेत राहिले. सुजाताला मराठी बोलणारी पोरं भेटावीत म्हणून. कारण खरं आहे. पुरेसं नाही.

आता तो शनिवार. ठरलं होतं असं की मंडळातले पाच जण ओळीत उभे राहतील. जपानी पालक डब्यातून एक चिठ्ठी काढतील. चिठ्ठीत अकरा ते एकोणीसमधला एक आकडा आणि दोन ते नऊमधला एक. ज्याची पाळी त्यानं गुणाकार लगेच सांगायचा. माझं काम चहाचं होतं. ऐन वेळी पाचांमधल्या एकाला ऑफिसातून फोन आला आणि तो गेला. वहिनींनी इकडंतिकडं बघितलं.

"अगं, तू ये. तू उभी राहा. नुसते पाढे तर आहेत."

"वहिनी, मला नको."

"लाजतेस काय? शिक्षकाची मुलगी तू."

शिक्षकाची मुलगी हे शब्द त्यांनी जरा सावकाश उच्चारले. त्यांना तोवर सगळं कळलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मी चहाची किटली खाली ठेवली आणि वर गेले.

भाषांतराला युकोवहिनी होत्या. जपानी बाई, पुण्याच्या माणसाशी लग्न होऊन वीस वर्षं झालेली. मराठी स्वच्छ. पहिल्या तिघांची उत्तरं झटपट आली, टाळ्या पडल्या. माझी चिठ्ठी निघाली, सतरा आणि आठ.

मला पाढे बारापर्यंत येतात. त्यापुढं मी माझ्या पद्धतीनं जाते. दहा आठे ऐंशी. सात आठे छप्पन्न. मग दोन्हींची बेरीज पेरांवर. एका हाताला चार बोटं, बोटाला तीन पेरं, बारा पेरं. अंगठा फिरवायचा. एक पेर म्हणजे एक दहा. ऐंशीची आठ पेरं झाली. छप्पन्नातली पन्नास म्हणजे आणखी पाच. तेरा होतात. बारा पेरं डाव्या हातावर संपली, तेरावं उजव्यावर येतं. डावा हात ओढणीखाली होता. उजवा बाहेर काढावा लागला. तिथं त्यांना दिसलं.

"एकशे छत्तीस," मी म्हटलं.

"अगं, बोटं काय मोजतेस? मंडईत आलीयेस का?" वहिनी म्हणाल्या.

इथं लोक हसले.

वहिनींनी माइक जवळ घेतला. पुढचं मी शब्दशः देते.

"असू दे, असू दे. तिची चूक नाही हो. पाढे घरातून येतात. ज्यांच्या घरी परवचा झाला त्यांना येतात. यांच्याकडे कोण म्हणवून घेणार?"

मग त्या युकोवहिनींकडे वळल्या. युकोवहिनींनी माइक घेतला. नंतर जपानीत म्हणाल्या, "त्या थोड्या घाबरल्या आहेत. टाळ्या वाजवून धीर देऊ या."

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. एकशे छत्तीस बरोबर आहे, हे कुणी सांगितलं नाही. पाचव्याची चिठ्ठी निघाली.

परतीच्या गाडीत सुजाता खिडकीशी बसली होती. दोन स्टेशनं गेल्यावर म्हणाली, "आई, युकोमावशींनी वेगळं सांगितलं."

"काय वेगळं?"

"काकू म्हणाल्या आपल्या घरी पाढे नसतात. मावशींनी सांगितलं तू घाबरलीस." मग जपानीत विचारलं, "खरं कुठलं?"

"घाबरले होते," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं बूट काढता काढता ऐकून घेतलं. "सोड ना," म्हणाला. "इथं येऊनही तेच उगाळत बसायचं का?" त्याची बॅग उघडी होती. वेष्टन घातलेलं पुस्तक वरच होतं.

परवच्याबद्दल वहिनी बोलल्या ते खरं होतं. म्हणून मागचं सांगणं भाग आहे.

आमच्या गावच्या शाळेत पाढे दहापर्यंत घ्यायचे. बारापर्यंत मी फळ्यावरून उतरवून घेतले. त्यापुढचे तीसपर्यंत, आणि पावकी, निमकी, दिडकी, हे शाळेत नव्हतं. गुरुजी ते संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात घ्यायचे. फुकट. कुणीही यावं, असं गुरुजी वर्गात सांगायचे. आमच्या वस्तीतलं कुणी मंडपात चढत नसे. चढू नका असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायची गरज नव्हती. मी काही दिवस खाली चपलांपाशी बसून ऐकलं. पन्नास पोरं एका सुरात म्हणायची. लांबून सूर येतो, आकडे येत नाहीत. ओळीचा शेवट तेवढा कळायचा. सतराचा पाढा मला चालीवर येतो. आजही. आकड्यांशिवाय.

आई विड्या वळायची. पंचवीस विड्यांचा कट्टा. आईला अक्षर येत नव्हतं. दिवसाचे कट्टे ती पेरांवर मोजायची आणि कधी चुकली नाही. मोजायला मी तिच्याकडून शिकले.

चौथीत असताना शाळा तपासायला साहेब आले. गुरुजींनी मला उभं केलं. का, ते माहीत नाही. बहुधा मी पहिल्या तिघांत होते म्हणून. साहेबांनी विचारलं, "चौदा सक?" मी हात पाठीमागं नेले आणि मोजायला लागले. गुरुजी मागून आले. त्यांच्याकडे लाकडी रूळ होता. उजव्या हाताच्या पेरांवर दोन. मग म्हणाले, "विड्या मोजायला बसलीस का?"

साहेब हसले. वर्ग हसला. दारात वडील चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी बघितलं. ट्रेमधले कप वाजले नाहीत, इतका त्यांचा हात स्थिर होता. साहेबांना चहा दिला, गुरुजींना दिला, बाहेर जाऊन मधल्या सुट्टीची घंटा वाजवली.

त्या दिवसानंतर मी वर्गात हात परकराच्या घोळात ठेवून बसायचे. वडिलांची लाज वाटायला तेव्हा सुरुवात झाली. गुरुजींची वाटली नाही. हे चुकीच्या माणसाच्या खात्यावर गेलं, आणि तीस वर्षं तिथंच राहिलं.

कोतोच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी मी सुजाताला अकरापुढचे पाढे लावले.

तिची शाळेत तेव्हा कुकू चालू होती. इथं प्रत्येक पाढा सुलटा, उलटा आणि मधूनच विचारला तर, असा तीनदा म्हणून दाखवायचा. जमला की कार्डावर शिक्का. तिचं कार्ड वर्गात सगळ्यांत आधी भरलं होतं. गुणाकार तिला येत होता. बेरजेत हातचा आला की ती बोटं वापरायची. माझ्यासारखीच, पेरांवर अंगठा फिरवून. मी तिला कधी शिकवलं नव्हतं. बघून घेतलं असणार.

रोज शाळेतून आल्यावर पाऊण तास. अकरा, बारा, तेरा. बोटं हलली की मी म्हणायचे, "हात खाली." पहिला आठवडा नुसतं म्हटलं. दुसऱ्या आठवड्यात पट्टी घेतली.

जपानमध्ये दुसरीच्या मुलांना गणितासाठी बांबूची एक फुटाची पट्टी आणायला सांगतात. पट्टीवर नाव घालायचं असतं. सुजाताच्या पट्टीवर मीच काळ्या शाईनं तिचं नाव घातलं होतं. त्याच पट्टीनं मी तिच्या पेरांवर मारलं. जोरात नव्हे, असं मी स्वतःला सांगायचे. गुरुजीही जोरात मारत नसत. किती वेळा मारलं ते मोजलं नाही. मोजायला हवं होतं.

ती रडायची नाही. एकदा म्हणाली, "सेन्सेई म्हणतात बोटं चालतात." सेन्सेई म्हणजे तिच्या वर्गाच्या बाई.

"तुझ्या सेन्सेईला काय माहीत."

डिसेंबरअखेर तिला पंधरापर्यंत आलं. जानेवारीत सतरा. वहिनींचा फोन आला. "फेब्रुवारीत कोतोतल्याच एका शाळेच्या हॉलमध्ये मोठा कार्यक्रम आहे, तेच पालक येणारेत. सुजाताला घेऊन ये हं. तयार झाली म्हणे पोरगी. बघ, मी म्हटलं नव्हतं? कुणी करून घेतलं की कुणालाही येतं."

"आणते," मी म्हटलं.

मला त्या वेळी बरं वाटलं. हे लिहायला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला आहे.

इथल्या शाळेत घर आणि वर्ग यांच्यामध्ये एक वही फिरते. रोज दप्तरात जाते, रोज येते. सेन्सेई दोन ओळी लिहितात, पालक सही करतात. सुजाताच्या मोरिता-सेन्सेई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं:

"गणिताच्या तासाला सुजाता-सान दोन्ही हात बाकाखाली ठेवते. का ते विचारलं. सांगत नाही. घरी काही बोलली का?"

मी सही केली. उत्तर लिहिलं नाही.

दोन दिवसांनी पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. वर्षातून दोन-तीनदा असं बोलावतात. पालक मागच्या भिंतीशी उभे राहतात आणि तास चालू असतो. मी मागं उभी राहिले. सुजाता खिडकीकडच्या ओळीत, पुढून चौथी. मला तिची पाठ दिसत होती आणि बाकाखालचे हात.

मोरिता-सेन्सेईंनी फळ्यावर लिहिलं, अट्ठेचाळीस अधिक सत्तावीस. मुलांचे हात वर गेले. सुजाताचे खाली होते. स्वेटरच्या बाह्या तिनं ओढून बोटांवर घेतल्या होत्या. बाहीच्या आत अंगठा फिरत होता. करंगळी, मग शेजारचं बोट. थांबला. पुन्हा फिरला. उत्तर आलं, हे मला तिच्या मानेवरून कळलं. मान ताठ झाली. हात वर केला नाही.

दुसऱ्या एका मुलानं उत्तर सांगितलं, पंच्याहत्तर.

माझे हात मी बघितले. ते कोटाच्या खिशात होते.

शेजारच्या जपानी बाईनं हळू आवाजात विचारलं, "भारतात सगळ्यांना एकोणीसपर्यंत येतं ना? तुमच्या मुलीला सोपं जात असेल." तास संपेपर्यंत हात खिशातून काढून भिंतीला टेकवून ठेवले. थंड होती भिंत.

त्या संध्याकाळी पट्टी सुजाताच्या दप्तरात ठेवली. पाढे घेतले नाहीत. तिनं पाच वाजेपर्यंत वाट बघितली आणि स्वतःच येऊन समोर बसली. मांडीवर हात, बाह्या ओढलेल्या. म्हणाली, "आज कुठला?"

"आज नाही. उद्याही नाही."

"मी चुकले का?"

"मी चुकले."

तिनं ओढलेल्या बाह्या सोडल्या नाहीत. विश्वास बसला नसावा. त्याबद्दल मला तिला दोष देता येत नाही.

युकोवहिनींना फोन केला. ऑक्टोबरपासून आम्ही त्यावर बोललो नव्हतो.

"तुम्ही तेव्हा मी घाबरले असं का सांगितलंत?"

त्या म्हणाल्या, "तुम्हाला वाचवायचं होतं."

"कुणापासून? जपान्यांना काहीच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं त्यांना भाषांतर नको होतं."

"मग कार्यक्रम वाचवला असेल मी," त्या म्हणाल्या. मराठीत, अगदी स्वच्छ. "इथं असंच करतात हो. आणि पुण्यातही."

डेस्कवर आमच्या मुख्य उपसंपादकांचा एक नियम होता. जिथं चूक छापली, तिथंच दुरुस्ती छापायची. पहिल्या पानावर चूक आणि सातव्या पानाच्या तळाशी दुरुस्ती, हे त्यांना चालायचं नाही. मी जपानीत सात वाक्यं लिहून काढली. शब्दकोशातून तीनदा तपासली. नवऱ्याला वाचून दाखवली.

तो म्हणाला, "मंडळात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही."

"आत्ता दाखवतोय ते कुणाचं आहे?"

कार्यक्रमाला येणार का, मी विचारलं. आला. मागच्या रांगेत, दाराशी बसला.

फेब्रुवारीतला रविवार, सकाळी अकरा. शाळेचा हॉल, शंभरेक खुर्च्या, बऱ्याचशा भरलेल्या. वहिनी निळ्या पैठणीत होत्या. मला बघून म्हणाल्या, "आलात? सुजाताला शेवटी ठेवलंय. एवढुशी पोर सतराचा म्हणाली की लोक वेडे होतील."

मी सुजाताला विचारलं, "तुला म्हणायचंय?"

"इया," ती म्हणाली. म्हणजे नको. मग मराठीतही म्हणाली, "नको."

"बस मग इथंच."

तिचं नाव पुकारलं तेव्हा मी वर गेले. वहिनी हसत म्हणाल्या, "अगं तू नाही, लेकीला पाठव." मी माइक मागितला नाही. समोर उभ्या दांड्यावरचा एक होता, त्याच्यापाशी गेले. कागद काढला. वाचलेली वाक्यं अशी.

"ऑक्टोबरच्या कार्यक्रमात भाषांतरात चूक झाली होती, तिची दुरुस्ती करते.

"मी घाबरले आहे असं तुम्हाला सांगितलं गेलं, मराठीत म्हटलं गेलं ते असं की पाढे ज्यांच्या घरी असतात त्यांना येतात आणि माझ्यासारख्यांच्या घरी ते नसतात.

"माझ्या घरी ते नव्हते, हे खरं आहे, कारण आमच्या गावात पाढे देवळात शिकवत आणि आमच्या जातीच्या मुलांना देवळात जागा नव्हती.

"माझे वडील शिक्षक नव्हते, शाळेत शिपाई होते, आणि आई विड्या वळायची, मोजणं मी आईकडून शिकले.

"भारतातल्या सगळ्या मुलांना एकोणीसपर्यंत पाढे येतात, हे खरं नाही.

"सतरा आठे एकशे छत्तीस, माझं उत्तर बरोबर होतं."

सहाव्या वाक्याला मी कागद खाली ठेवला आणि दोन्ही हात वर धरून मोजून दाखवलं. डाव्या हाताची बारा पेरं, तेरावं उजव्यावर. वर सहा.

दुसऱ्या वाक्यालाच वहिनी म्हणाल्या होत्या, "हे काय चाललंय? युको, माइक बंद कर." माइकचं बटण युकोवहिनींच्या हाताशी होतं. त्यांनी ते दाबलं नाही.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या जपानी गृहस्थांनी स्वतःचा हात उघडून पेरं मोजून बघितली. मी खाली उतरले. उतरताना वहिनी मराठीत म्हणाल्या, "केवढं केलं आम्ही तुमच्यासाठी. शेवटी जायचं तिथंच गेलीस." मी थांबले. म्हटलं, "वहिनी, हेही भाषांतर करू का?" त्या बाजूला झाल्या.

आम्ही तिघं बाहेर पडलो. फलाटावर नवऱ्यानं सुजाताला विचारलं, "आईचं जपानी बरोबर होतं का?"

"एक चूक होती," ती म्हणाली. "शिपाईचा शब्द. पण कळलं सगळ्यांना."

वाक्यं सात होती, असं मी वर लिहिलं आहे. वाचली सहा. सातवं कागदावर होतं. ते वाचायच्या आधी मी सुजाताकडे बघितलं आणि वाचलं नाही. तिला सगळ्यांसमोर अवघड होईल, असं कारण तेव्हा मनात आलं. खरं कारण ते नव्हतं. ज्या हॉलमध्ये मी वहिनींची चूक सांगत होते, तिथं स्वतःची सांगायची माझी तयारी नव्हती. सातवं वाक्य इथं देते.

नोव्हेंबर ते जानेवारी मी माझ्या मुलीच्या पेरांवर पट्टीनं मारलं, कारण मला त्या लोकांसारखं दिसायचं होतं.

मंडळाला पत्र पाठवलं. आमची तिघांची नावं कमी करा, एवढंच. उत्तर आलं नाही. मार्चच्या यादीत नावं नव्हती. वडिलांना सोलापूरला फोन केला. साहेब आले होते तो दिवस आठवतो का, विचारलं. ते म्हणाले, "कुठला साहेब? पुष्कळ यायचे." मी सांगितलं. ते म्हणाले, "चौदा सक चौऱ्याऐंशी. तू सांगणारच होतीस. मारायला नको होतं त्यांनी." मग त्यांनी तिकडं थंडी किती आहे ते विचारलं.

वडील काय करायचे, असं कुणी विचारलं तर शिपाई होते, असं मी सांगते. न विचारता मूर्तीकडे बघणाऱ्यांनाही सांगते. माझ्या घरात बोटं वर ठेवून मोजतात. मी मोजते, स्वयंपाकघराच्या टेबलावर, दोन्ही हातांनी, सुजाताच्या समोर, रोज. तिनं मोजलंच पाहिजे असं नाही. हात खाली, हे दोन शब्द या घरात पुन्हा उच्चारले जाणार नाहीत. ना माझ्याकडून, ना मी घरात घेईन त्या माणसाकडून.

मोरिता-सेन्सेईंच्या जानेवारीतल्या प्रश्नाला मी फेब्रुवारीत वहीत उत्तर लिहिलं. काय केलं, केव्हापासून केव्हापर्यंत, कशानं. पट्टी शाळेत न्यायचीच, हेही. त्यांनी खाली सही केली आणि शाळेत बोलावून घेतलं. मी गेले. तासभर त्यांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, त्यांनी लिहून घेतली. यापुढं दर आठवड्याला नोंद करीन, म्हणाल्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली नोंद अशी आहे:

"बुधवार, गणिताचा तास. डावा हात बाकावर होता. उजवा खाली."